अर्धा कोयता

माझ्या आत्याच्या नवऱ्याने मला फसवलं. पुण्यातल्या एका कॉलेजच्या फाटकासमोर, सकाळच्या उन्हात, लोकांदेखत फसवलं. अमेरिकेत शिकायला जायचं तर जी परीक्षा द्यावी लागते, तिला पासपोर्ट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. माझा पासपोर्ट त्यांच्या हातातल्या बॅगेत होता, आणि तो घरी राहिला असं ते म्हणाले. झालं ते एवढंच. पण एवढंच सांगितलं की ऐकणारा हमखास म्हणतो, "अहो, विसरले असतील बिचारे." हे 'बिचारे' मी इतक्या वर्षांत इतक्या तोंडांतून ऐकलंय, की आता सगळंच सांगून टाकते. मग ज्याला त्यांना बिचारे म्हणायचंय त्याने खुशाल म्हणावं.

त्यांना मी आबा म्हणायचे. सगळेच म्हणायचे. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे ते संचालक होते आणि कारखान्याच्या वसाहतीतच राहायचे. माझे वडील, दादा, ऊसतोडीचे मुकादम. चकलांब्याच्या पलीकडे आमची वस्ती, बाजरी पिकली तर पिकली अशी जमीन, आणि दसरा झाला की दादांची टोळी बैलगाड्या जुंपून त्याच कारखान्यावर. आई टोळीतच ऊस तोडायची. म्हणजे एकाच कारखान्यावर दादांची बहीण जाळीच्या खिडक्यांच्या घरात आणि दादांची बायको पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, मधे फक्त मळीच्या वासाचा एक नाला. सातवी झाल्यावर आत्याने मला नाल्याच्या अलीकडे आणलं. घरात कामाला हात झाला आणि सुधीरला अभ्यासाला सोबत झाली. सुधीर म्हणजे आत्याचा एकुलता एक. आम्ही एका वर्गात होतो. त्याला अभ्यासाचा कंटाळा होता आणि मला नव्हता, त्यामुळे सोबत कोण कोणाला करतंय हे वसाहतीतल्या सगळ्यांना दिसायचं. शाळेतून आम्ही पुढे परभणीला गेलो, दोघंही शेतकी इंजिनीअर झालो, आणि तिथेही त्याच्या जर्नलातली चित्रं माझ्याच हातची असायची. शिकून झाल्यावर दोघंही पुन्हा वसाहतीत आलो.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे चारला कारखान्याचा भोंगा, की आत्या उठायची. बाराला भोंगा, की जेवण. रात्री आठचा भोंगा झाला की आबा बाहेरच्या ओसरीवरून आत यायचे आणि मग आमची आमटी पुन्हा गरम व्हायची. आत्याची येसराची आमटी मी नंतर खूप ठिकाणी शोधली. येसर सगळेच करतात, पण भाजलेली बाजरी, हरभरा आणि खोबरं ती ज्या संथपणे कांडायची तसा संथपणा आता कोणाकडे नाही, माझ्याकडे तर कधीच नव्हता. हंगामात चिमणीतून उसाच्या चोयट्यांची काजळी उडायची आणि दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसायची. आत्या रोज त्या काजळीला शिव्या घालायची. "मेली ही राख, एक लुगडं धड ऱ्हाऊ देत न्हाई," म्हणायची. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी कारखाना होळीच्या आधीच बंद पडला, कपडे पांढरे स्वच्छ वाळायला लागले आणि आत्या त्या पांढऱ्या कपड्यांकडे बघून रडली.

पण ते नंतर. आधी, दिवाळीच्या सुमाराला, कारखान्याच्या संचालक मंडळाने एक ठराव केला. सभासदांच्या मुलांपैकी दोघांना अमेरिकेत साखरेचं आणि पाण्याचं तंत्र शिकायला पाठवायचं, खर्च कारखान्याचा, आणि शिकून आल्यावर नोकरीही इथेच करायची. दुसऱ्या तालुक्यातल्या कारखान्याने कोणाला तरी पाठवलं होतं, म्हणून आपणही. दादांचाही शेअर होता, तेव्हा मी सभासदाची मुलगी. दोन नावं ठरली, सुधीरचं आणि माझं. ठरावाच्या दिवशी आबांनी मला हाक मारून पेढा दिला आणि म्हणाले, "कुसुम, आता तालुक्याचं नाव काढायचं. ह्या गाढवाला बी संगं वढ."

मी त्याला ओढायला लागले. जीआरई हे त्या परीक्षेचं नाव तेव्हा आमच्या भागात कोणी ऐकलं नव्हतं. आबांनी मुंबईहून दोन जाड पुस्तकं मागवली. एकात नुसते शब्दच शब्द. हे शब्द बोलत कोण असेल, असा मला प्रश्न पडायचा. मग मी एक युक्ती काढली. एकेक शब्द वसाहतीतल्या एकेका माणसाला देऊन टाकला. स्टोअरकीपर म्हणजे पार्सिमोनिअस, नटबोल्टसुद्धा हात थरथरत देणारा. आत्या म्हणजे गॅर्युलस, बोलायला लागली की दूध उतू जाईपर्यंत न थांबणारी. पांढऱ्या टोपीचे वजनकाट्याचे कारकून म्हणजे ऑब्सीक्विअस, आबा दिसले की कमरेत वाकणारे. सकाळी दूध आणायला निघाले की समोरून शब्द चालत यायचे आणि मी मनात त्यांचे अर्थ म्हणायचे. आबांना मी मॅग्नॅनिमस हा शब्द दिला होता. मोठ्या मनाचा.

आणि कोडी. त्या परीक्षेत तेव्हा कोडी असायची. सहा माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, पहिला दुसऱ्याशेजारी बसणार नाही, तिसऱ्याला चौथ्याच्या समोरच बसायचंय, तर पाचव्याच्या उजवीकडे कोण? सुधीर डोकं धरून बसायचा. मी म्हटलं, "अरे, ही लग्नातली पंगत आहे. पहिला आणि दुसरा भाऊबंद, बांधावरून वाद चालू. तिसरा व्याही, त्याला मानाची जागा पाहिजे. आता बसव." तो हसायचा, पण एकदा पंगत म्हटल्यावर त्यालाही जमायला लागलं. बाराच्या भोंग्याला आम्ही सराव पेपर सुरू करायचो. भोंगा वाजला की पेन्सिल उचलायची, आणि आत्याच्या गजराच्या घड्याळावर थांबायचं. संपल्यावर मी दोघांचे पेपर तपासायचे आणि आबा संध्याकाळी विचारायचे, "आज कोण पुढं?" मी खरं सांगायचे. दरवेळी मीच पुढे असायचे, थोडी नाही, बरीच. आबा म्हणायचे, "वा." मला तेव्हा वाटायचं ते खूश होतात. आज माझ्या दुकानात ठिबकचे पाईप घ्यायला येणारा माणूस भाव ऐकून "वा" म्हणाला, की मला कळतं हा आता उठून शेजारच्या दुकानात जाणार. ते तेव्हा कळत नव्हतं.

पासपोर्टची तर मजाच झाली. चौकशीला हवालदार आमच्या वस्तीवर गेला. आई त्या आठवड्यात टोळीतून घर बघायला वस्तीवर गेली होती, एकटी होती. खाकी कपडे बघून तिने घराला कडी लावली आणि आतूनच ओरडली, "सायेब, आमी काय केलं न्हाई!" हवालदार म्हणाला, "अहो माय, तुमची पोरगी परदेशात चाललीय, तिची चौकशी हाय." आई म्हणाली, "कोण चाललंय? मला कुणी सांगितलं न्हाई. तुमीच आत या अन् सांगा." त्याला तिने धपाटे खाऊ घातले आणि सगळी माहिती त्याच्याकडूनच काढून घेतली. भाव करण्याची कला मी दादांकडून घेतली असं लोक समजतात. ती आईची आहे. पासपोर्ट आले ते दोन्ही आबांनी आपल्या लोखंडी कपाटात ठेवले. "पोरासोरांच्या हातात नको," म्हणाले. मीही दिला. कोणाला नाही म्हणणार होते?

संक्रांतीनंतर पाणी गेलं. त्याआधीच्या वर्षी पाऊस कमी होता, त्या वर्षी झालाच नाही. नदीच्या वाळूत खड्डे करून लोक वाटीने पाणी भरत होते. शेतकरी उभा ऊस कारखान्याला द्यायच्या ऐवजी जनावरांच्या चाऱ्यासाठी तोडायला लागले, आणि कारखान्याच्या गव्हाणीवर ऊस टाकायला गाड्या येईनाशा झाल्या. आबांची ओसरी टँकर मागायला आलेल्या माणसांनी भरून जायची. एक दिवस बाराचा भोंगा वाजला नाही. मी आणि सुधीर पेन्सिली हातात धरून बसून राहिलो. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "आरं, भोंगा झाला का न्हाई?" टोळ्यांनी कोप्या मोडायला घेतल्या. दादांची टोळी मात्र हिशेबासाठी थांबून राहिली.

त्याच आठवड्यात मंडळाने ठराव बदलला. गाळपच नाही तर दोघांचा खर्च कुठून, म्हणून एकालाच पाठवायचं. कोणाला, तर परीक्षेत ज्याला जास्त गुण पडतील त्याला. हे मला आबांनी सांगितलं नाही, ओसरीवर चहा देताना माझ्या कानावर पडलं. मला दुःख झालं नाही, खोटं कशाला बोलू. सुधीरसाठी थोडं वाईट वाटलं. पुढे कोण असणार हे मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि रोज संध्याकाळी विचारणाऱ्या आबांना सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी दादांना आणि आईला घरी बोलावलं. दादा खुर्चीवर बसले, आई उंबऱ्याशी बसली, तिच्या बोटांना उसाच्या पात्यांचे चिरे पडलेले. आबा गोड बोलायला लागले. आपली कुसुम घरातलीच, आत्याचा हक्क, सून म्हणून हीच करायची. सुधीर परीक्षा देईल, तो जाईल, लग्न लावून कुसुमला मागून पाठवू. "मुकादम, तुमच्याच भाषेत सांगतो," आबा म्हणाले, "कोयता एकच धरायचा. नाव त्याचं, जाणार दोघं."

कोयता म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा तोडतो, बायको तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, मधे स्वयंपाक करते, लेकराला पाजते, आणि लिहिताना नाव एकाच माणसाचं. दादांनी जन्मभर असंच मोजलं होतं. त्यांना आबांचं बोलणं लबाडीचं वाटलं नाही, उलट शहाणपणाचं वाटलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना खरंच वाटलं की अमेरिकेतही एक कोयता म्हणून दोघांना धरत असतील आणि त्या कॉलेजात आम्ही दोघं एका नावावर शिकू.

"बरुबर हाय," दादा म्हणाले. "दोघांबिगर कोयता होतच न्हाई. मग दोन परीक्षा कशाला?"

"मग नाव माझं लावा," मी म्हटलं. "मी परीक्षा देते. सुधीर मागून येईल."

दादा हसले. विनोद वाटला त्यांना. आबाही हसले, पण जरा उशिरा.

"बाईमाणसाच्या नावावर कोयता असतो का, पोरी?" दादा म्हणाले.

तेव्हा उंबऱ्यावरून आई बोलली. मोठ्या माणसांत ती बोलत नसे. "मी जल्मभर अर्धा कोयता हाय," ती म्हणाली. "माझ्या लेकीला अर्धं करू नगा. आख्खी हाय ती. तिला पेपर लिव्हू द्या. मग कुणाचं बी नाव लावा."

आत्या म्हणाली, "वैनी, जरा हळू." आई म्हणाली, "हळूच बोलते हाय की."

मग मी भाव करायला घेतला. फी दोघांची आधीच भरलेली आहे, ती कोणी परत देत नाही, मग माझी जागा वाया का घालवायची? मी पेपर लिहीन. सुधीर पुढे आला, तर लग्नाचं बोला. मी पुढे आले, तर ठरावाप्रमाणे मी जाईन. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मग देवघरातून बेलाचं पान आणि भंडारा आणायला आत्याला सांगितलं. आमच्याकडे बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाहीत. पान तळहातावर घेऊन आबा म्हणाले, "दोघांना पुण्याला नेतो. दोघांना परीक्षेच्या दारात उभं करतो. झालं समाधान?" माझं झालं. आईचं झालं. दादा म्हणाले, "आता आबांनी बेलभंडार उचलला, आता काय ऱ्हायलं?"

काय राहिलं ते मी सांगते. शब्द दाराचा दिला होता. दारातच उभं केलं त्यांनी मला.

निघायच्या दिवशी आत्याने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. जीप सुरू झाल्यावर मी विचारलं, "आबा, पासपोर्ट घेतले का दोघांचे?" आबांनी मांडीवरच्या तपकिरी बॅगेवर थाप मारली. "घेतलं, सगळं घेतलं. तू तुझं डोकं घेतलंस न्हवं?" ड्रायव्हर हसला. पाथर्डी, नगर, शिरूर, वाटेत सगळीकडे काळी कोरडी रानं, रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत बसलेल्या बाया, आणि मी सुधीरला शब्द विचारत होते. तो अर्धे सांगत होता आणि अर्ध्यांना माझ्याकडे बघून हसत होता. पुण्यात कारखान्याच्या गेस्टहाऊसवर उतरलो. सकाळी मी आत्याने दिलेली नवी साडी नेसले. माझं प्रवेशपत्र माझ्याकडे होतं, ते मी पदराच्या टोकाला बांधलं होतं.

कॉलेज दगडी, जुनं, झाडांचं. फाटकाच्या आत टेबल लावून चष्मा घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. पोरं रांगेत, हातात निळे पासपोर्ट. सगळी शहरातली, एकमेकांशी इंग्रजीत बोलणारी. मला भीती वाटली नाही. त्यांच्यातला एक जण मित्राला एक कोडं समजावून सांगत होता आणि चुकीचं सांगत होता. मी मनात म्हटलं, याला एकदा आमच्याकडच्या पंगतीत वाढायला लावा.

आबांनी बॅग उघडली, हात आत घातला, सुधीरचा पासपोर्ट काढला, त्याला दिला आणि बॅग बंद केली.

"माझा?" मी म्हटलं.

"तुझा..." त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, तुझा कपाटातच ऱ्हायला की. दोन येगळ्या कप्प्यांत होते. च्यायला, माझ्या बी ध्यानात..."

"बघा ना बॅगेत."

"न्हाई म्हणतोय ना. मी ठेवलाय, मला म्हाईत न्हाई व्हय?"

मी त्या बाईंकडे गेले. प्रवेशपत्र दाखवलं. त्यावर माझं नाव, खाली माझी सही. म्हटलं, बाई, इथे सही करून दाखवते, जुळवून बघा. माझ्या बरोबरचा मुलगा आत जातोय, तो सांगेल मी कोण ते. मी पेपर देते, पासपोर्ट उद्या आणून दाखवते, नाही दाखवला तर पेपर फाडून टाका. जन्मात केला नव्हता असा भाव मी त्या टेबलापाशी केला. बाई चांगल्या होत्या. त्यांनी दोनदा चष्मा काढला आणि पुसला. "बेटा, मी तुला ओळखलं तरी नियम मला ओळखत नाही," त्या म्हणाल्या. मागची पोरं चुळबुळत होती. मी वळून बघितलं तर आबा झाडाखाली ड्रायव्हरला सांगत होते, "जा बे, चहा सांग दोन."

सुधीर आत जाताना थांबला. "आबा, मी पण नाही बसत मग," तो म्हणाला. त्याने हे म्हटलं होतं, ते मी लिहून ठेवते, कारण नंतर त्याच्यावर लोकांनी बरंच काही घातलं. आबा म्हणाले, "चल आत. तमाशा करू नको." तो आत गेला.

परीक्षा चालू होती तोवर मी फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसले. चहा घेतला नाही. एकदा घंटा झाली, मी हाताची बोटं आवळली, पेन्सिल धरल्यासारखी. कोड्यांचा भाग सुरू झाला असेल. सुधीर आता पंगत बसवत असेल. दुपारी पोरं बाहेर आली. सुधीर सगळ्यांत मागे. त्याचा चेहरा उतरला होता. मी विचारलं, "कसा गेला?"

"तुझी खुर्ची माझ्या पुढंच होती," तो म्हणाला. "आपले नंबर लागून होते ना. टेबलावर तुझा पेपर ठेवला होता त्यांनी. बंद. शेवटपर्यंत तसाच होता." मग तो म्हणाला, "कोडी मी तुला डोळ्यांसमोर आणून सोडवली." मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. ते रागाने होतं की कशाने, अजून कळलेलं नाही.

घरी पोचल्यावर आत्याने धुवायचे कपडे काढायला आबांची बॅग उपडी केली. धोतर, टॉवेल, दाढीचं सामान, आणि त्याखाली रुमालात गुंडाळलेला माझा पासपोर्ट. आत्याने तो बघितला. मी बघितला. वसाहतीतली सगळ्यांत बोलकी बाई, तिने तो माझ्या हातात ठेवला, माझी बोटं त्यावर दुमडली आणि एवढंच म्हणाली, "कुसे, चहा टाक." चहा टाक! मी तशीच ओसरीवर गेले. टँकरवाले, सरपंच, दोन संचालक, सगळे बसले होते. मी पासपोर्ट आबांसमोर धरला.

"आरं तिच्या! बॅगेतच व्हता व्हय?" आबा म्हणाले. "बघा मंडळी, म्हातारा झालो आता. डोस्क्यात नुसते टँकर हायत." सगळे हसले. एक जण म्हणाला, "बसा बाई, पुढल्या वर्षी द्या परीक्षा." मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा आवाज नाल्यापलीकडे कोपीपर्यंत गेला. आई भाकरीच्या पिठाच्या हातांनीच आली, तिने ओसरीवर कोणाकडेही न बघता माझा दंड धरला आणि मला घेऊन गेली.

सुधीरला गुण बऱ्यापैकी पडले. माझे पडलेच नव्हते, त्यामुळे तो पुढे होता. आबांनी पुन्हा लग्नाचा निरोप पाठवला आणि दादा पुन्हा खूश झाले. मी दादांना सांगितलं की मी कोणाच्या बॅगेत बसून जाणार नाही. त्यांना ते समजलं नाही. "चांगला कोयता जमत व्हता," असं ते मरेपर्यंत म्हणायचे, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, माझ्याच गल्ल्याकडे पाठ करून. दादांवर माझा राग नाही. त्यांनी जन्मभर जे मोजलं तेच त्यांना मोजता येत होतं. पण आबा मुंबई-पुणे फिरलेले. एका नावावर दोघांना कोणी शिकवत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि माहीत असून त्यांनी दादांपुढे दादांचीच भाषा वापरली. याचा राग जास्त येतो.

पुढल्या वर्षी परीक्षा का दिली नाही, असं विचारणारे भेटतात. ठराव संपला होता, कारखान्याचा भोंगा त्याच्या पुढल्या हंगामातही वाजला नाही, आणि मी आधी पाणलोटाच्या कामावर, मग मोटारींच्या दुकानात, मग स्वतःच्या दुकानात उभी राहिले. लग्न झालं, माणूस चांगला होता, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. माझ्या मोठ्या दिराची नात आता संगणकावर तीच परीक्षा देते. कोडी गेली म्हणते त्यातून. मला वाईट वाटलं. सुधीर अमेरिकेला गेला तो तिकडेच राहिला, कारखान्याला दिलेला शब्द त्यानेही पाळला नाही, आणि मंडळाने त्याला कधी जाब विचारला नाही. दिवाळीला फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, आणि ठेवताना दरवेळी "कुसुम..." म्हणून थांबतो.

आता आबांचा सत्कार आहे. नव्वदी गाठलीय त्यांनी, काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच. तालुक्यातला पहिला मुलगा अमेरिकेला पाठवणारे द्रष्टे सहकारमहर्षी, असं पत्रिकेत छापलंय, आणि गौरव अंकासाठी दोन पानं आठवण लिहून द्या म्हणून माझ्याकडेही माणूस आला होता. त्याला मी चहा पाजला आणि सांगितलं, दोन पानांत बसणार नाही.

बसलं नाहीच. आबा, लोक म्हणतात तुम्ही विसरलात. मी तुमच्या घरात वाढले. कोणत्या सभासदाचा ऊस कोणत्या गटात, कोणत्या नक्षत्रात लावलेला, कोणाची विहीर कोणत्या बाजूने ढासळलेली, हे तुम्ही वहीत न बघता सांगायचात. अजून सांगता. मागच्या महिन्यात माझ्या दुकानाच्या पुढ्यात गाडी थांबवून तुम्ही एका म्हाताऱ्याला त्याच्या मेलेल्या बैलाचा रंग सांगितलात. तेव्हा विसरलो म्हणू नका. रुमालात गुंडाळून ठेवलेली वस्तू माणूस विसरत नाही, ती त्याने ठेवलेली असते. सत्काराला मी येणार आहे. हार घालून झाले, भाषणं झाली, की उठून उभी राहणार आहे, आणि माझा आवाज कुठपर्यंत जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. आत्या गेली, आई गेली, दादा गेले. आता उत्तर द्यायला तुम्हीच राहिलात. त्याच लोकांसमोर सांगा, आबा. मी हात पसरून उभी होते. बॅग तुमच्या हातात होती. परत उघडली कावून न्हाई?